सिडनी प्वातिए : नाही म्हणणारा नट

एकपडदा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिनाभरात रात्री जागून सिडनी प्वातिएचे नऊ चित्रपट पाहिले आणि २००० साली आलेलं त्याचं आत्मचरित्रही वाचून काढलं. डोक्यात इतकं साचलंय की लिहिल्याशिवाय राहवेना. जाणकारांनी भर घालावी, चुकलो असेन तिथे दुरुस्त करावं.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, एवढ्या एका वाक्यात त्याची ओळख सगळीकडे उरकली जाते. वाक्य खरंच आहे. पण मला तो माणूस उलगडला तो त्याने दिलेल्या नकारांमधून.

आईवडील बहामातल्या कॅट आयलंड नावाच्या बेटावर टोमॅटो पिकवायचे. माल विकायला दोघं बोटीने मायामीला गेले आणि २० फेब्रुवारी १९२७ ला तिथेच हा जन्मला, दिवस भरायच्या बराच आधी. वजन दीड किलोसुद्धा नाही. मूल जगत नाही असं समजून वडील पुरायला म्हणून बुटांचा खोका घेऊन आले. आई मात्र घरातून उठली ती थेट भविष्य सांगणाऱ्या एका बाईकडे गेली. बाईने सांगितलं, पोर जगेल, राजेरजवाड्यांत वावरेल. आईने घरी येऊन तो खोका टाकून द्यायला लावला.

बेटावर वीज नव्हती, नळ नव्हते, मोटार नव्हती. पुढे फ्लोरिडाने बहामाच्या टोमॅटोंवर बंदी घातली आणि शेतीच बसली. कुटुंब नासाऊला आलं, तेव्हा सिडनी दहा वर्षांचा होता. तिथे त्याने पहिल्यांदा मोटार पाहिली आणि सिनेमाही. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला मायामीला मोठ्या भावाकडे धाडलं. भोवती बहुतेक सगळी माणसं आपल्यासारखीच दिसणारी, अशा गावात तो वाढला होता. गोऱ्या माणसासमोर आपण वाकायचं असतं हे त्याच्या अंगी भिनलेलंच नव्हतं. मायामीत सामान पोचवायचं काम लागलं. एका घरी पुढच्या दारी गेला तर गोऱ्या बाईने मागच्या दाराने यायला सांगितलं. मी दारात उभा आहे, सामान माझ्या हातात आहे, मग मागे कशाला, हे त्याला कळेचना. सामान उंबऱ्यापाशी ठेवून तो निघून आला. दोनेक दिवसांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या हिंसक संघटनेची माणसं त्याला शोधत भावाच्या घरी आली.

माझ्या हिशेबी हा पहिला नकार. त्यात बंडाचा आव नाही. समोरची रीत त्याच्या डोक्यात बसली नाही, इतकंच.

सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क. खिसा रिकामा, कधी गच्चीवर झोपायचं, पोटासाठी उपाहारगृहांत बश्या धुवायच्या. वय वाढवून सांगून सैन्यात शिरला, तिथून वेडाचं सोंग करून सुटला. पुन्हा बश्या. एक दिवस वर्तमानपत्रात तसलंच काम शोधताना शेजारी 'नट हवेत' अशी जाहिरात दिसली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतलं अमेरिकन निग्रो थिएटर. तो गेला, हातात संहिता मिळाली, आणि अडखळत एकेक शब्द वाचू लागला. शाळा जेमतेम दीड वर्षाची, त्यात बोलण्याला बेटावरचा हेल. फ्रेडरिक ओनील यांनी त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. लोकांचा वेळ घालवू नकोस, बश्या धुण्यासारखं काहीतरी काम बघ, असं सुनावलं.

परतताना त्याच्या मनात आलं, की मी बश्या धुतो हे मी तर त्यांना सांगितलंच नव्हतं! म्हणजे माझ्याकडे पाहून त्यांना माझं सगळं आयुष्य एवढंच दिसलं? तिथेच त्याने ठरवलं, नट व्हायचं. आधी अभिनयाची हौस वगैरे काही नव्हती.

चौदा-एक डॉलरचा रेडिओ आणला आणि निवेदकांमागोमाग बोलत सहा महिन्यांत हेल घालवला. वाचायला शिकवलं ते क्वीन्समधल्या उपाहारगृहातल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरने. काम आटोपलं की पेपर घेऊन हा बसायचा, म्हातारबुवा शेजारी बसून अडलेला शब्द फोडून सांगायचे, विरामचिन्हं कशासाठी असतात ते समजवायचे. असे कित्येक आठवडे रोज रात्री. पुढे या माणसाचा ठावठिकाणा त्याला कधीच लागला नाही. म्हातारपणी दूरदर्शनवरच्या एका मुलाखतीत हे सांगताना त्याचे डोळे भरून येतात. मी ती मुलाखत तीनदा पाहिली.

मग पुन्हा त्याच नाट्यसंस्थेत गेला. घेईनात, तेव्हा म्हणाला, फुकट झाडलोट करतो, बदल्यात शिकवा. एका नाटकात हॅरी बेलाफोंटेचा (पुढे गायक-नट म्हणून गाजलेला) बदली नट होता. बेलाफोंटेसुद्धा एका इमारतीत साफसफाईचं काम करायचा आणि एका रात्री त्या कामामुळे त्याला येता आलं नाही. नेमक्या त्या रात्री एक दिग्दर्शक बघायला आलेला. त्याने १९४६ मध्ये याला ब्रॉडवेवर नेलं. पहिल्या प्रयोगाला सिडनीचे संवाद असे उलटसुलट झाले की लोक हसून लोळले, आणि समीक्षकांनी विनोदी नट म्हणून वाखाणलं! नाटक चार प्रयोगांत बंद पडलं. पण दार किलकिलं झालं होतं.

आता तो नकार, ज्यासाठी हा धागा काढला. पन्नाशीच्या दशकात काम नव्हतं, बायको दुसऱ्या खेपेला गरोदर होती. एक भूमिका आली, आठवड्याला ७५० डॉलर. गुंडांविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून एका कृष्णवर्णीय माणसाच्या लहान मुलीला मारून तिचं प्रेत त्याच्या अंगणात टाकतात, आणि पटकथेत तो बाप काहीच करत नाही. सिडनी म्हणाला, मी हे करणार नाही. माझे वडील असे नव्हते. कारण विचारलं तर एजंटला धड सांगताही आलं नाही. बाहेर पडला आणि घरातलं सामान गहाण टाकून ७५ डॉलर कर्ज काढलं, बाळंतपणाचं बिल भागवायला. तो एजंट, मार्टिन बॉम, महिनोन् महिने चक्रावलेला होता. शेवटी त्याने बोलावून सांगितलं, इतक्या वेड्या माणसाचं काम मला बघायचंच आहे.

बाकीच्या कारकिर्दीबद्दल प्रतिसादांत बोलूच.

गोदाकाठ

झकास लिहिलंय. बुटांच्या खोक्यापाशी थांबलो, एकदम पुढे वाचवेना. एक शंका : आम्ही आयुष्यभर 'पॉयटियर' म्हणत आलो. प्वातिए बरोबर का?

एकपडदा

हो, फ्रेंच वळणाचं आडनाव आहे. तो स्वतः प्वातिए असंच म्हणायचा.

खडूफळा

एकपडदा, तुमच्या धाग्याने मला पंचेचाळीस वर्षं मागे नेलं. 'टू सर, विथ लव्ह' मी अलका टॉकीजला सकाळच्या खेळाला पाहिला, डी.एड.ला असताना. इंग्रजी अर्धंच कळत होतं. तरी बाहेर पडताना मी मास्तरीण झाले होते.

त्यातला थॅकरी इंजिनिअर आहे, ब्रिटिश गयानाचा. रंगामुळे नोकरी मिळत नाही म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेत येतो. मूळ पुस्तक लिहिणारे ई. आर. ब्रेथवेट हेही गयानाचे, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते, त्यांचा स्वतःचा अनुभव आहे तो. मुलं त्याला जेरीस आणतात. एक दिवस त्याचा तोल सुटतो, मग एकटा बसून विचार करतो, आणि वर्गात येऊन पाठ्यपुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाकतो. आजपासून तुम्ही मोठी माणसं, मला सर म्हणायचं, मुलींना मिस म्हणायचं.

सगळे त्या प्रसंगाबद्दल बोलतात. मला फुलांचा प्रसंग लागतो. वर्गातल्या सील्सची आई वारते. मुलं वर्गणी काढून पुष्पचक्र आणतात, पण ते कृष्णवर्णीयाच्या घरी नेऊन द्यायला कचरतात, लोक काय म्हणतील म्हणून. महिनोन् महिने शिकवलेलं सगळं पाण्यात! प्वातिएच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नाही, नुसता थकवा आहे. मग अंत्ययात्रेच्या दिवशी तो तिथे पोचतो तर सगळा वर्ग उभा. तो काहीही बोलत नाही. तसं न बोलणं मी पुन्हा कुणा नटाचं पाहिलं नाही.

नोकरी लागल्यावर दहावीच्या मुलांना 'तुम्ही' म्हणायला लागले. शिक्षकखोलीत टीका झाली. शेवटच्या बाकावरच्या मुलांनी तिसऱ्या आठवड्यात पाठीची कॉलर खाली केली. तेहतीस वर्षं मी 'तुम्ही'च म्हटलं.

रानजाई

खडूफळा ताई, तुमच्या प्रतिसादासाठी उभं राहून टाळ्या.

उलटतपासणी

लेख आवडला, पण दुसरी बाजूही मांडतो. मला हा नट फार आवडतो, म्हणूनच मांडतो.

१९६७ मध्ये त्याचे तीन चित्रपट आले : 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाईट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर'. तिन्ही तुफान चालले. १९६८ मध्ये अमेरिकन चित्रपटगृहवाल्यांच्या क्विग्ली यादीत गल्ला खेचणाऱ्या ताऱ्यांत तो पहिला होता. गोरा-काळा हा भेद बाजूला ठेवून पहिला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९६७ मध्ये, क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये प्रश्न टाकला, की गोऱ्या अमेरिकेला सिडनी प्वातिए इतका का आवडतो?

'गेस हूज'मधला त्याचा डॉक्टर पाहा. जगभर नावाजलेला, सभ्य, देखणा, चूक म्हणून एक नाही. गोऱ्या मुलीशी लग्न करायचं तर काळ्या माणसाला देवच व्हावं लागतं का? आणि त्या दोघांचं चुंबन दिसतं कुठून, तर टॅक्सी ड्रायव्हरच्या आरशातून, ओझरतं. त्याआधी १९६५ च्या 'अ पॅच ऑफ ब्लू'मधलं आंधळ्या मुलीचं चुंबन दक्षिणेतल्या थिएटरांत कापून दाखवलं होतं. 'लिलीज ऑफ द फील्ड', ज्यासाठी ऑस्कर मिळालं, त्यात तो ॲरिझोनाच्या वाळवंटात ख्रिस्ती जोगिणींना (नन्सना) प्रार्थनाघर बांधून देतो. भोवती बायका आहेत, पण जोगिणी!

सगळ्यात बोचतं ते कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनचं निरीक्षण. १९५८ च्या 'द डिफायंट वन्स'मध्ये प्वातिए आणि टोनी कर्टिस एकाच साखळीत जखडलेले कैदी आहेत. शेवटी साखळी तुटल्यावर प्वातिए धावत्या मालगाडीत चढतो, कर्टिसला हात पुरत नाही, तर त्याच्यासाठी खाली उडी टाकतो. गोरे प्रेक्षक सुखावले. हार्लेमच्या थिएटरात मात्र लोक ओरडले, अरे मूर्खा, परत गाडीत चढ!

त्याच्या नकारांना माझा सलाम आहेच. पण होकार कशाला दिला, तेही बघायला हवं.

एकपडदा

उलटतपासणी, तुमचा एकही मुद्दा खोडता येत नाही, आणि तो स्वतःही खोडत नव्हता. त्या टीकेने तो खोल दुखावला होता. पण तेव्हा मोठ्या पडद्यावर नायक म्हणून दुसरं होतं कोण? डझनभर कृष्णवर्णीय नायक असते तर त्यातला एक लबाड, एक बाईलवेडा, एक खुनी असता. एकटाच असल्यामुळे त्याच्या पात्राचा प्रत्येक दोष सगळ्या समाजाच्या नावावर चढला असता. सभ्यपणा हे त्याच्या पाठीवरचं ओझं होतं, आणि ते त्याने कळूनसवरून उचललं.

नकार एकदा फसलाही. 'पोर्गी अँड बेस' त्याला करायचा नव्हता. एजंटच्या कचेरीने आधीच शब्द दिलेला, निर्माता सॅम्युअल गोल्डविन वजनदार, आणि 'डिफायंट वन्स'ही हातचा जाण्याची भीती. केला. त्याची बोच त्याला कायम राहिली.

पण 'ब्लॅकबोर्ड जंगल'च्या वेळी स्टुडिओच्या वकिलाने निष्ठेच्या कागदावर सही मागितली. डावे म्हणून संशयित ठरलेले कृष्णवर्णीय नट पॉल रोब्सन आणि कॅनडा ली यांच्याशी आपला संबंध नाही असं म्हणायचं होतं. ती त्याने दिली नाही. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या धाकाचे दिवस, घरात पैशांची ओढाताण. आणि कॅनडा ली तर त्याचा सहकलाकार! १९५१ च्या सुमारास दोघांनी दक्षिण आफ्रिकेत एकत्र चित्रीकरण केलं होतं. तिथल्या वर्णभेदी कायद्यामुळे दिग्दर्शक झोल्टन कोर्डाने त्यांना आपले करारबद्ध मजूर म्हणून देशात आणलं होतं.

शिकागोकर

मी इथे इलिनॉयमध्ये बावीस वर्षं आहे. 'इन द हीट ऑफ द नाईट'ची गोष्ट मिसिसिपीतल्या स्पार्टा गावची, पण चित्रीकरण बहुतेक इलिनॉयमधल्या स्पार्टात झालं. शिकागोहून दक्षिणेला गाडीने साडेपाच-सहा तास. मुद्दाम गेलो होतो एकदा. लहानसं गाव, आजूबाजूला शेतं.

चित्रीकरण दक्षिणेत का नाही? प्वातिएने नकार दिला म्हणून. त्यामागे १९६४ चा उन्हाळा आहे. कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीसाठी मिसिसिपीत काम करणाऱ्या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले, ऑगस्टमध्ये प्रेतं सापडली. स्वयंसेवक तिथून हलायला तयार नव्हते आणि पैसे संपले होते. बेलाफोंटेने ७० हजार डॉलर रोख गोळा केले आणि प्वातिएला म्हणाला, माझ्याबरोबर चल, एकाच्या जागी दोघांना मारणं त्यांना जड जाईल. दोघं मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला उतरले, पैसे डॉक्टरी बॅगेत. रात्रीच्या अंधारात क्लॅनवाल्यांच्या ट्रकने मागून त्यांच्या गाडीला धडका दिल्या. ते सभागृहात पोचले तेव्हा लोक गाणं म्हणत उभे होते. बेलाफोंटेने बॅग टेबलावर उपडी केली.

या घटनेच्या चारच महिने आधी, १३ एप्रिल १९६४ ला, प्वातिएच्या हातात ऑस्कर आलेलं होतं. जगातल्या सगळ्यात झगमगत्या मंचावरून उतरलेला माणूस त्या अंधाऱ्या रस्त्यावर गेला, हे मला ऑस्करपेक्षा मोठं वाटतं.

आणि उलटतपासणी, हेही जोडून पाहा : 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दुमदुमली तीही ग्रीनवुडमध्येच, जून १९६६ मध्ये, तरुण कृष्णवर्णीय नेता स्टोकली कारमायकलच्या भाषणात. जी तरुण पिढी प्वातिएला मवाळ म्हणाली, ती ज्या गावातून गरजली तिथे तो दोन वर्षं आधी जीव मुठीत घेऊन जाऊन आला होता.

उलटतपासणी

ग्रीनवुडचं हे नातं मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. माझ्या प्रतिसादातला 'होकार'वाला शब्द आता मलाच तोकडा वाटतो.

निळीपहाट

अवांतर वाटलं तर क्षमस्व, पण इथे थांबवत नाही. 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा झाली त्याच वर्षी ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि सहा वर्षांत मुंबईत दलित पँथर. नाव तिथूनच घेतलेलं. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आपल्या लोकांचं लक्ष तिकडे होतंच.

माझे वडील गिरणीत होते. सिनेमाचं वेड नव्हतं. पण प्वातिएने थोबाडीत मारल्याचा प्रसंग त्यांनी कुठून तरी ऐकला होता आणि आम्हाला हाताने करून दाखवायचे. चित्रपट मी पाहिला ते गेल्यावर, व्हीसीडीवर. तो क्षण आला आणि मी बंद केला. दुसऱ्या दिवशी पुढचा पाहिला.

एकपडदा

निळीपहाट, तुमचं अजिबात अवांतर नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स खुनाच्या तपासात एंडिकॉट या बड्या गोऱ्या मळेवाल्याच्या काचघरात जातो. ऑर्किड्सबद्दल गोडीत बोलणं चाललंय. आपली चौकशी होतेय हे ध्यानात येताच एंडिकॉट टिब्सच्या थोबाडीत देतो. पुढच्याच क्षणाला टिब्स उलट देतो. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. बाजूला सरबताचा ट्रे घेऊन उभा असलेला कृष्णवर्णीय नोकर, त्याची नजर पाहा. मालकाच्या डोळ्यांत नंतर पाणी येतं. ती थप्पड पटकथेत नव्हती, प्वातिएने अट घालून ती आणली.

पटकथा

एक दुरुस्ती. जॉन बॉलच्या मूळ कादंबरीत ती नाही हे बरोबर. अट घातल्याचं प्वातिए सांगायचा हेही खरं. पण पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट आणि दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांच्या सांगण्यानुसार ती आधीपासून पटकथेत होती. यात त्याचं मोठेपण उणावत नाही, कारण तो वेग त्याचाच आहे. कागदावर 'उलट मारतो' एवढंच लिहिता येतं.

बाकी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, रॉड स्टायगरला अभिनेत्याचं. प्वातिएला त्या वर्षी तिन्हींपैकी एकाही चित्रपटासाठी साधं नामांकनसुद्धा नाही! तो सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता, कारण ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

एकपडदा

दुरुस्ती मान्य, आभार.

रानजाई

नंतर त्याने काय केलं? आम्हाला १९६८ नंतरचा तो माहीतच नाही.

पटकथा

दिग्दर्शनाकडे वळला. १९७२ चा 'बक अँड द प्रीचर' हा त्याचा पहिला, बेलाफोंटेबरोबर. मग कृष्णवर्णीय नटांना घेऊन मोकळेढाकळे विनोदपट केले, जिथे कुणालाही सभ्य असण्याची सक्ती नव्हती. १९८० च्या 'स्टर क्रेझी'ने १० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. १९९७ पासून दहा वर्षं तो बहामाचा जपानमधला राजदूत होता. २००२ मध्ये मानद ऑस्कर, आणि त्याच रात्री डेन्झेल वॉशिंग्टनला अभिनेत्याचं. कृष्णवर्णीयाला प्रमुख अभिनेत्याचं दुसरं ऑस्कर मिळायला ३८ वर्षं गेली. डेन्झेलने मंचावरून वरच्या सज्जात बसलेल्या प्वातिएकडे आपली बाहुली उंचावली, तर हा उठून उभा राहिला आणि त्यानेही आपली उंचावली. ६ जानेवारी २०२२ ला गेला, ९४ वर्षांचा होऊन.

माजघर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. थपडेबद्दल वाचताना त्याने सांगितलेली एक आठवण मनात घोळत राहिली, ती इथे नोंदवते.

त्याचा पहिला मोठा चित्रपट 'नो वे आउट', १९५० चा. त्यात तो तरुण डॉक्टर आहे आणि रिचर्ड विडमार्क त्याचा द्वेष करणारा गुंड. खऱ्या आयुष्यात विडमार्क इतका भला, की शिव्या देण्याचा प्रसंग चित्रित झाला की येऊन माफी मागायचा. बहामात वसाहतीच्या सरकारने चित्रपटावर बंदी घातली, लोकांनी समिती करून आवाज उठवला, तेव्हा ती उठली. मग नासाऊच्या थिएटरात त्याचे आईवडील तो पाहायला गेले. त्या दोघांनी आयुष्यात तोवर सिनेमा पाहिला नव्हता.

शेवटाकडे विडमार्क पिस्तुलाच्या दस्त्याने त्याला मारू लागतो. आई खुर्चीतून ताडकन उठली आणि भरल्या थिएटरात ओरडू लागली, मार त्याला सिडनी, उलट मार! तू त्याचं काही वाकडं केलेलं नाहीस!

निळीपहाट

हे वडिलांना सांगायला हवं होतं.

एकपडदा

माजघर, 'नो वे आउट' माझ्या नऊ चित्रपटांत नव्हता. आज रात्री लावतो.